अनंताच्या कुंडीची एक बाजू

लोक कुंडीत पाण्याखेरीज काय काय घालतात हे एकदा कळलं, की त्यांच्या घरी चहा पिताना जरा विचार करावा लागतो. उरलेला चहा तर बहुतेक सगळेच झाडाला घालतात, तोही दूधसाखरेसकट, आणि मुंग्या झाल्या की मला बोलावणं यायचं. पनवेलच्या एका कापडाच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या मनीप्लांटच्या मातीत रोज सकाळी उदबत्त्या खोचत. झाड खंगलं तेव्हा मालक दुखावून म्हणाले, "देवाचं नाव घेऊन लावतो हो, त्यानं वाईट कसं होईल?" एका वकिलांनी पित्तावर घेतलेलं सोड्याचं पाणी अर्धं आपण प्यायलं आणि अर्धं रबराच्या झाडाला दिलं. पानं पिवळी पडली होती ना, म्हणजे त्यालाही पित्तच झालं असणार, असा त्यांचा युक्तिवाद.

माझं काम घरांतल्या आणि कचेऱ्यांतल्या कुंड्या सांभाळायचं. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून बंद केलंय. नव्वदच्या आगेमागे नवीन पनवेलात इमारती भराभर उठत होत्या, बँका आणि दवाखाने उघडत होते, आणि आत शिरल्याबरोबर चार हिरवी पानं दिसली पाहिजेत अशी टूम निघाली होती. मी त्यांना कुंड्या भाड्यानं द्यायचे. पंधरवडाभर कुंडी त्यांच्याकडे, मग ती माझ्या अंगणात विश्रांतीला आणि तिच्या जागी दुसरी. ती झाडं सासुरवाशिणीसारखी यायची, रोडावलेली आणि गप्प. चार दिवस ऊन आणि मोकळी हवा मिळाली की पुन्हा बोलू लागायची. घरगुती गिऱ्हाइकं मात्र स्वतःचीच झाडं दाखवायला बोलवायची. तिथं मी डॉक्टरीण. मोपेडला पिशवी, पिशवीत खुरपं, कात्री आणि एका चपट्या डबीत माझं खरं हत्यार, म्हणजे रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या.

या पट्ट्यांची ओळख रसायनीतली. लग्नाआधी मी तिथल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. दिवसभर कशाकशात पट्टी बुडवायची आणि रंग बघायचा. नोकरी सुटली, पण खोड गेली नाही. मुंबईला जाणाऱ्या कुणाला तरी गळ घालून मी पट्ट्या मागवत राहिले.

पट्टी काय सांगते, तर पीएच. पुस्तकी मराठीत त्याला सामू म्हणतात. शून्यापासून चौदापर्यंतचं माप. सात म्हणजे मधोमध. त्याच्या खाली चिंच, लिंबू, ताक ही आंबट मंडळी, आणि वर सोडा, साबण, चुना. घरात राहणाऱ्या बहुतेक झाडांना साताच्या थोडी खाली, किंचित आंबट माती मानवते. माती चुन्याकडे झुकली की तिच्यात लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. समोर ताट वाढलेलं आणि हात बांधलेले, असा प्रकार. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माणसांना वाटतं झाड उपाशी आहे, म्हणून ती आणखी खत घालतात.

तपासायला काही अक्कल लागत नाही. मूठभर माती घ्यायची, दुप्पट पाण्यात ढवळायची, गाळ खाली बसला की वरच्या पाण्यात पट्टी बुडवायची. पिवळसर आली तर छान, हिरवी आली तर काळजी, निळी आली तर बोंब. पाणी मात्र नळाचं घ्यायचं नाही, नाहीतर मातीऐवजी नळाचाच सामू कळतो. मी गाड्यांच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणायचे. दुकानदाराची बरीच वर्षं समजूत होती की माझ्या मालकीचे दोन-तीन ट्रक आहेत. मीही ती मोडली नाही.

चुन्याशी माझी पहिली गाठ कामोठ्यात पडली. तिथल्या हिराबाईंच्या मुलांनी जमिनीच्या पैशात नवा बंगला बांधला होता आणि हॉलमध्ये ठेवायला माझ्याकडून फर्नच्या कुंड्या घेतल्या होत्या. महिन्याभरात फर्न करपले. जाऊन बघते तर प्रत्येक कुंडीत मातीवर तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा थर, पांढराशुभ्र, धुऊन नीट मांडलेला. कालवण झालं की शिंपले कुंडीत, असा त्यांचा शिरस्ता. दिसायला फार सुरेख, पण पट्टी हिरवीगार झाली.

"आमी नारलाला इतकी वरसं घालतो," हिराबाई म्हणाल्या, "त्याला काय नाय व्हत. तुमचाच झाड नाजूक हाय."

"नारळाचं पोट मोठं असतं, हिराबाई. आणि हे शिंपले म्हणजे चुनाच की."

"त्ये आमाला नको सांगू. माजा आजा ह्येच भाजून चुना करायचा." एवढं बोलून त्यांनी शिंपले काढून घेतले, पण फेकले नाहीत. परसातल्या माडाच्या आळ्यात नेऊन टाकले आणि माझ्या फर्नकडे एकदा कीव करून पाहिलं. तेव्हापासून मातीवर पांढरं काही दिसलं की मी आधी स्वयंपाकघरात काय शिजतं ते विचारायला शिकले.

पण खांदा कॉलनीत मालतीकाकूंनी बोलावलं, तेव्हा हे शहाणपण उपयोगी पडलं नाही, कारण त्या शाकाहारी घरात तिसऱ्यांचं नाव काढायचीही सोय नव्हती.

काकूंचं माहेर आपटा गावचं. त्यांनी तिथून अनंताचं रोप आणून मोठ्या कुंडीत वाढवलं होतं. गॅलरीला काचा लावून तिची खोली केली होती, तिथं खिडकीजवळ ती कुंडी आणि कुंडीच्या खिडकीकडच्या बाजूला एक वेताची खुर्ची. अनंत हे झाड आंबट मातीचं अतिशय लाडकं. आपट्याच्या तांबड्या मातीत ते खुशाल वाढतं. इथं मात्र त्याची वरची सगळी पानं पिवळी पडली होती आणि शिरांचं हिरवं जाळं उठून दिसत होतं.

"काहीही करा, पण हा वाचला पाहिजे," काकू म्हणाल्या. मग आत कानोसा घेत आवाज उतरवला. "सुनेला दिवस आहेत. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं. त्या वर्षी अनंताच्या कळ्याही उमलायच्या आधीच गळल्या होत्या. यंदा मी मनाशी धरून ठेवलंय, हा फुलला की सगळं नीट पार पडणार."

मी विज्ञान शिकलेली. पण काकूंच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती आणि तिच्यापुढे मला काही शहाणपणा सुचला नाही. सून, अंजली, चहा घेऊन आली. हसरी, जरा ओढलेली. काकू तिच्याकडे बघत कौतुकानं सांगत राहिल्या: डॉक्टर चांगले आहेत, दूध-तूप वेळेवर आहे, सकाळी कोवळ्या उन्हात बसायचं, आणि रोज अर्धं फुलपात्र चुन्याची निवळी. निवळी म्हणजे खायचा चुना पाण्यात कालवून ठेवायचा, खाली बसला की वरचं नितळ पाणी द्यायचं. बाळाची हाडं घट्ट होतात म्हणून आपल्याकडे गर्भारशीला देत आले आहेत. माझ्याही सासूबाईंनी मला दिली होती. मी ऐकलं, मान डोलावली आणि तपासायला बसले. डोळ्यांसमोरून हत्ती गेला तरी कळलं नाही म्हणतात, ते असं.

पट्टी हिरवी होऊन निळ्याकडे झुकली. मी ठामपणे सांगितलं, टँकरच्या पाण्याचा दोष. त्या भागात बोअरचं जड पाणी टँकरनं यायचं आणि बादल्यांना पांढरं किटण चढायचं, तेव्हा दोष ठेवायला ते सोयीचं होतं. वरची माती काढून पानांचं खत घातलं आणि काष्ठौषधीच्या दुकानातून हिराकस आणायला सांगितलं. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. चिमूटभर पाण्यात विरघळवून दिला की झाडाला तरतरी येते.

काकू सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. "हा कागद ताकात घातला तर?" मी ताकात घालून दाखवला. नारिंगी झाला. त्या खूष झाल्या. मॅट्रिकला त्यांना शास्त्रात पहिला नंबर होता, मग लग्न झालं. "थोड्या पट्ट्या ठेवून जाल का? माझा आपला वेळ जाईल." मी रंगांच्या तक्त्यासकट पट्ट्या दिल्या. एवढ्या वर्षांत मला कुणी गिऱ्हाईक पट्ट्या मागणारं भेटलं नव्हतं.

महिन्यानं गेले तर अनंत आणखी वाईट. नवी पालवी जवळजवळ पांढरी. काकू देवळात गेल्या होत्या, अंजलीनं दार उघडलं. मी चक्रावले. पाणी जड असलं तरी ते सगळ्या घरातल्या सगळ्या कुंड्यांना तेच होतं, आणि शेजारचं मनीप्लांट मजेत वाढत होतं. दोष पाण्याचा असता तर माती सगळीकडून सारखी बिघडायला हवी. म्हणून मी पहिल्यांदा जे करायला हवं होतं ते केलं. कुंडीच्या चारी बाजूंची माती वेगवेगळ्या वाट्यांत घेतली.

तीन वाट्यांत पट्टी फिकट हिरवी. चौथीत गडद निळी.

चौथी वाटी खिडकीकडच्या बाजूची. तिथं मातीवर नारळाची सोडणं पसरलेली होती. ती उचलली तर खाली पातळ पांढरी साय धरलेली. म्हणजे इथं, नेमकं याच जागी, रोज काहीतरी पडत होतं. भिंतीला चुना नव्हता, ऑइलपेंट होता. खिडकी बंद, त्यामुळे पक्ष्यांचाही प्रश्न नाही. कमरेला कळ लागली म्हणून विचार करत मी त्या वेताच्या खुर्चीत टेकले आणि उजवा हात सहज खाली सोडला. बोटं थेट त्या पांढऱ्या जागेवर टेकली.

मी मान वर केली. अंजली दारात उभी होती.

"कळलं ना तुम्हाला, ताई?" ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. काकू तिला सकाळी उन्हात बसवून फुलपात्र हातात देत आणि ती पिईपर्यंत समोर उभ्या राहत. पण त्याच वेळी गॅसवर दूध असायचं. दूध वर आलं की काकू धावायच्या, आणि तेवढ्यात निवळी कुंडीत. बेसिनपर्यंत जायचं तर स्वयंपाकघरावरून जावं लागायचं.

"मग सरळ नको म्हण की," मी म्हटलं. "डॉक्टरांच्या कॅल्शियमच्या गोळ्या असतील ना?"

"त्या घेतेच मी, एकही चुकवत नाही. निवळीनं मला मळमळतं, पण ते कारण नाही." "मागच्या वेळी मी सगळं घेतलं होतं, ताई. त्यांनी जे जे दिलं ते सगळं. एक दिवस चुकवला नाही. तरी गेलं. आता ते फुलपात्र हातात आलं की मला तेच दिवस आठवतात. आणि आईंना कसं सांगू? त्या वेळी माझे केस विंचरण्यापासून सगळं त्यांनी केलंय. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी त्यांना दोष देतेय." मग घाईघाईनं म्हणाली, "त्यांना सांगू नका. झाड पिवळं पडतंय म्हणून घाबरून त्यांनी आता पूर्ण फुलपात्र केलंय. पूर्वी वरचं नितळ असायचं, आता ढवळून देतात, गढूळच."

आता चक्र माझ्या लक्षात आलं. झाड पिवळं पडलं की काकूंना अपशकुनाची भीती, भीती वाटली की निवळी जास्त, निवळी जास्त की झाड आणखी पिवळं. दोघी एकमेकींच्या काळजीपोटी त्या अनंताचा जीव घेत होत्या. मी अंजलीला शब्द दिला आणि जिना उतरताना मला आठवलं, काकूंकडे माझ्या पट्ट्या आहेत. रंगांच्या तक्त्यासकट.

पुढच्या खेपेला जायला मी टाळाटाळ केली, पण काकूंनी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला. अंजली तपासणीला गेली होती, नवराही तिच्याबरोबर. काकू एकट्याच होत्या. त्यांनी मला बसवलं आणि टेबलावरचं वर्तमानपत्र सरकवलं. त्यावर पट्ट्या वाळत घातल्या होत्या, प्रत्येकीखाली पेन्सिलीनं नाव: चिंच, ताक, तांदळाचं धुवण, रिठा, खायचा सोडा, टँकरचं पाणी. आपलं स्वयंपाकघर त्यांनी पालथं घातलं होतं. मला एवढा आनंद व्हायला हवा होता, पण मी शेवटच्या पट्ट्यांकडे बघायचं टाळत होते.

"ही अनंताची माती," काकू शेवटच्या दोन पट्ट्यांशी आल्या. "खिडकीकडची. तुम्ही मागे सोडणं उचललेली दिसली, म्हणून मीही तिथलीच घेतली. एवढी निळी घरात दुसरी कुठलीच आली नाही. सोडासुद्धा नाही. मग म्हटलं, एकच वस्तू बघायची राहिलीय." शेवटची पट्टी जांभळीकाळी होती. खाली लिहिलं होतं, निवळी.

काकू चष्मा काढून पुसत राहिल्या.

"मला तोंडावर सांगितलं असतं तर मी काय तिला खाल्लं असतं?" आवाज चिडका होता, पण डोळे भरले होते. "पहाटे उठून करते मी ते."

"डॉक्टरांच्या गोळ्या ती नेमानं घेतेय, काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"सांगू नका म्हणाली असेल."

"हो."

बराच वेळ त्या पट्ट्या एकीवर एक रचत बसल्या. मला त्यांची फार कीव आली, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. मग त्या हळूच म्हणाल्या, "मागच्या वेळी सगळं प्यायली होती बिचारी. मी देईन ते. परत तेच फुलपात्र तिच्यापुढे धरताना माझ्या कसं मनात आलं नाही?" थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं आणि पदर खोचला. "आता माझंही ऐका. मला कळलंय हे तिला सांगायचं नाही. ती उगीच ओशाळी होईल. अवघडलेली आहे."

म्हणजे सुनेचं सासूला सांगायचं नाही आणि सासूचं सुनेला सांगायचं नाही. एवढ्या वर्षांत बऱ्याच झाडांना मी काय काय घातलं, पण असं मूग गिळून बसायचं काम पहिल्यांदाच अंगावर आलं. आम्ही दोघींनी अनंत उपटला, मुळांवरची माती बादलीत हलकेच धुतली आणि आपट्याहून काकूंच्या भावानं पोत्यातून पाठवलेल्या तांबड्या मातीत तो पुन्हा लावला. पट्टी दोन्हीकडे पिवळी आली. झाड रुजलं की तुमचं काम संपलं, असं मी म्हटलं तर काकू म्हणाल्या, "माझं नाही संपलं. सकाळचं फुलपात्र एकदम बंद केलं तर ती विचार करत बसेल, का बंद केलं म्हणून."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. मुलगी झाली, दोघी सुखरूप. अनंताला त्या वर्षी एकही कळी आली नाही, कारण मुळं धुतलेलं झाड लगेच फुलत नसतं. बारशाला मी काकूंना जपून विचारलं, तर पाळण्याची दोरी ओढता ओढता म्हणाल्या, "त्याला म्हटलं, तुझं चालू दे सावकाश. आता घाई नाही."

पुढे कचेऱ्यांनी प्लॅस्टिकची झाडं आणली आणि माझा धंदा बसला. प्लॅस्टिकला सामू नसतो, आणि त्यात कुणी चोरून काही ओतलं तर ते कळतही नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. आता डोळे मिटून त्या कामाचा विचार केला की मला बारशाच्या दोन-तीन महिने आधीची एक सकाळ आठवते.

मी सहज झाड बघायला गेले होते. गॅलरीत ऊन आलं होतं, अंजली खुर्चीत बसली होती. काकूंनी फुलपात्र आणून तिच्या हातात दिलं, "निवळी घे गं," म्हणाल्या आणि दुधाकडे बघायला आत गेल्या. आत जाता जाता माझ्याकडे त्यांनी जरा जास्तच निर्विकार चेहऱ्यानं पाहिलं. मी फुलपात्रात डोकावले. आत गुलाबी लाल पाणी होतं. आमसुलाचं. मला त्या बाईला हात जोडावेसे वाटले. प्यायली तर सुनेची मळमळ थांबणार, ओतली तर अनंताला हवी तशी आंबट माती मिळणार.

अंजलीनं फुलपात्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आपली सवयीनं खाली बसले आणि कुंडीतली खिडकीकडची आणि पलीकडची माती दोन वाट्यांत घेतली. झाड नव्या मातीत लावल्यापासून रोज आमसूल पडत असतं, तर खिडकीकडची पट्टी नारिंगी व्हायला हवी होती.

दोन्ही पट्ट्या सारख्याच पिवळ्या आल्या.

आत दूध वर आलं, काकूंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. "अंजली, घेतलीस का गं निवळी?"

"घेतेय, आई," ती म्हणाली आणि ते लाल फुलपात्र तिनं तोंडाला लावलं.